तिसावा पेशंट

"किती वेळा झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन," तीनशे बारा नंबरच्या खोलीतले निवृत्त मास्तर म्हणाले. चेहरा ओढलेला, आवाज मात्र खणखणीत.

डॉक्टरांनी यादीत सव्विसावं नाव लिहिलं आणि तिसाला किती उरले ते बोटांवर मोजलं.

जहाजावर हजार प्रवासी. जुलाब-उलट्यांचे तीस पेशंट झाले की बंदराच्या आरोग्य खात्याला कळवायचं, असा नियम. कळवलं की जहाज दोन दिवस समुद्रातच उभं राहणार, आणि मग ते बंदर वगळून सरळ पुढे जाणार. उद्या सकाळी त्याच बंदरावर डॉक्टरांची लेक नऊ दिवसांच्या बाळाला घेऊन येणार होती. पहिलीवहिली नात! उद्याची भेट हुकली तर आणखी पाच महिने फोटोवरच समाधान मानायचं होतं.

सकाळपर्यंत सगळं आटोक्यात होतं. पेशंट चारच, पार गळून गेलेले. अकरा वाजता कॅप्टनसाहेबांनी स्पीकरवरून सूचना दिली. दिवसात तीन वेळा जुलाब झालेल्यांनी डॉक्टरांना कळवावं आणि दोन दिवस खोलीतून हलू नये. मग आवाजात गोडवा आणून ते म्हणाले, की संध्याकाळी सहा ते नऊ तिसऱ्या डेकच्या हॉलमध्ये त्यांच्या पत्नीच्या गाण्याचा कार्यक्रम आहे आणि ती स्वतः दारोदार बोलवायला येईल.

बाईसाहेब म्हणजे अख्ख्या जहाजाच्या लाडक्या. कुणाच्या गुडघ्याची चौकशी, कुणाच्या नातवाच्या परीक्षेची. अशा माणसाला नाही म्हणायला कुणाची जीभ रेटत नसे. त्या दवाखान्यातही डोकावल्या.

"डॉक्टर, तुम्हाला काही आज यायला जमणार नाही. इतके दिवस म्हणताय ऐकायचंय म्हणून."

"नशीब आमचं," डॉक्टर हळहळले. त्यांचा दवाखाना तळात, इंजिनाशेजारी. तिथे वरचं काही ऐकू येत नसे. कालची हॉलमधली तालीमही त्यांची हुकली होती.

बाईसाहेब गेल्या आणि दुपारपासून फोन खणखणू लागला. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. सगळ्यांचं दुखणं एकाच छापाचं. तीन वेळा जुलाब, ताप नाही, उलटी नाही.

डॉक्टरांनी जहाजाचा नकाशा पसरून एकेका खोलीवर लाल टिंब दिलं. नवे सगळे पेशंट तिसऱ्या डेकवरचे, आणि सगळी टिंबं हॉलच्या भोवती दाटीवाटीने बसलेली. डॉक्टरांनी आचाऱ्याला बोलावलं.

"माझ्या जेवणाने झालं असतं तर सगळ्याच डेकवर झालं असतं ना?" आचारी उखडला. "आणि हे कसले पेशंट हो? दोन-दोन ताटं मागवतायत!"

"अशक्तपणा असतो," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांना तिसऱ्या डेकच्या पाण्याच्या पाइपचा संशय आला. मेकॅनिकने तो उघडून दाखवला. आत पाणी असं स्वच्छ, की डॉक्टरांना आपल्या डॉक्टरकीचाच संशय यायला लागला.

सव्वापाचला आकडा एकोणतीस झाला. सिस्टर नऊ महिन्यांपासून डॉक्टरांच्या तोंडून या नातवंडाबद्दलच ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, आता एखादा आला तर त्याचं नाव उद्या लिहू या का?"

"नातीला पहिल्यांदा भेटायचं आणि तेही खोटेपणा करून? नको, सिस्टर." डॉक्टरांनी बंदराला पाठवायचा अर्ज भरून ठेवला. फक्त आकडा तेवढा कोरा सोडला. लेकीने पाठवलेला फोटो त्यांनी फोनवर पुन्हा एकदा पाहिला. एवढीशी मूठ आणि नाक चक्क त्यांच्यावर गेलेलं.

साडेपाचला दार वाजलं. दारात कॅप्टनसाहेब, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात. त्यांनी सिस्टरना बाहेर जायला सांगितलं, आतून कडी लावली आणि खुर्चीत बसकण मारली.

"डॉक्टर, तीन वेळा."

डॉक्टरांनी पेन उचललं. "ताप?"

"नाही."

"उलटी?"

"नाही."

"भूक?"

"सडकून लागलीय."

डॉक्टरांनी डोळे पुसले आणि अर्ज पुढे ओढला. "साहेब, तुम्ही तिसावे. आता बंदराला कळवावंच लागेल."

"अहो, वेडे की काय! ते पेन खाली ठेवा!" कॅप्टनसाहेबांनी दाराकडे पाहून आवाज अगदी खाली आणला. "सकाळचे चार सोडले, तर बाकीच्या पंचवीस जणांनी काल फक्त तालीम ऐकलीय. तेवढ्यावर त्यांना तुम्ही दोन-दोन दिवसांची सुटका दिलीत. मी बावीस वर्षं ऐकतोय, मला निदान नऊपर्यंत तरी आजारी ठेवा!"