सातुर्निनाबाईंचं निवेदन

लिमाच्या टेकडीवरच्या वस्तीतलं सामुदायिक स्वयंपाकघर बंद करायचं पालिकेनं ठरवलं आणि बायकांची समजूत काढायला समाजसेविका एर्लिंडाला पाठवलं. बायकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, वर तिला मसूर-भातही वाढला.

तिसऱ्या दिवशी चाळीसजणी रिकामी पातेली घेऊन पालिकेच्या दारात बसल्या. स्वयंपाकघर चालवणाऱ्या सातुर्निनाबाईंच्या हातात निवेदन, त्यावर चारशे सह्या. शेजारी दोन पत्रकार.

"एकेकीनं बोला!" पालिकेचे साहेब बाहेर येऊन ओरडले.

"एकटी मीच बोलणार. तसं ठरलंय आमचं."

तासाभरात आदेश मागे घेतला गेला. घाम पुसत साहेब एर्लिंडाकडे वळले. "या अडाणी बायांना हे सगळं शिकवलं कुणी?"

एर्लिंडानं नजर फाइलमध्येच ठेवली.

"आपणच, साहेब. महिला नेतृत्व शिबिर. प्रमाणपत्रं तुमच्याच हस्ते वाटली."