शेवटचा वाटा

"...आणि डॉमनिकच्या कारखान्यात सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या नव्या कामासाठी आपण प्रार्थना करू या," फादरांनी वेदीवरून वाचलं आणि डॉमनिकने दचकून शेजारी बसलेल्या बायकोकडे, मालूकडे पाहिलं. दोन बाकं पुढे बसलेल्या प्लासिडने हळूच मान मागे वळवली.

डॉमनिकच्या वालीवच्या कारखान्यात बनणाऱ्या बहुतेक चिप प्लासिडच घ्यायचा. त्या बसवून तो कॉम्प्युटरचे मदरबोर्ड बनवी. आपणही बोर्ड बनवायचे का, यावर घरात अजून नुसता वादच चालला होता. लेक सुझान म्हणे, बनवायचेच; तिने त्यासाठी मशीनही आणून ठेवलं होतं. डॉमनिक म्हणे, आपल्याच गिऱ्हाइकासमोर दुकान कसं मांडायचं? मालूने मात्र कुणाला न विचारता फादरांकडे त्यासाठी मिस्सेची प्रार्थना सांगून टाकली होती.

"मी देवाला सांगितलं," नवऱ्याची नजर चुकवत ती पुटपुटली. "प्लासिडला कुठं सांगितलं?"

मिस्सा संपताच प्लासिडने डॉमनिकला चर्चच्या पायरीवर गाठलं.

"छान! म्हणजे आता निवडक चिप तुझ्या बोर्डात, आणि उरलंसुरलं माझ्या?"

डॉमनिकलाही हीच भीती होती, की कधीतरी आपला हात तसा वळेल. सुझान पुढे झाली.

"अंकल, पाचूबंदरला आजोबा मासळीचे वाटे घालायचे. स्वतः कुठला उचलायचे?"

"शेवटचा. वाटे घालनाऱ्यानं शेवटचाच घ्यायचा." प्लासिड जरा चिडला. "मी त्यांच्याच होडीवर होतो, पोरी. मला काय शिकवतेस?"

"मग उद्या या. चिपचे तपासलेले सगळे ट्रे टेबलावर मांडते. आधी तुम्ही उचला. उरेल त्यावर आमचा बोर्ड चालला नाही, तर बोर्ड सोडून आम्ही आपली चिपच करू."

"आणि चालला तर?"

"तर तुमचा त्याहून चांगला चालायला हवा. आधी निवडणार तुम्हीच ना!"

मालूने घाईघाईने क्रूसाची खूण केली. प्लासिड पायऱ्या उतरून निघून गेला.

सकाळी कारखाना उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. त्याने भिंगाखाली धरून एकेक ट्रे पाहिला, काही परत ठेवले, परत उचलले. अखेर त्याचं समाधान झालं. टेबलावर एकच ट्रे उरला.

सुझानने हात पुढे केला, पण डॉमनिकने तिला थांबवलं. वडील मासळीची पाटी उचलायचे तसा त्याने तो ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि आतल्या, अजून कागदही न काढलेल्या बोर्डच्या नव्या मशीनकडे निघाला.