स्वस्त आणि खात्रीची

ताईने कॉम्प्युटरमध्ये नवी एसएसडी बसवली, जुन्या हार्ड डिस्कमधलं सगळं तिच्यात उतरवून घेतलं आणि मगच धाकट्या बहिणीला बोलावलं. धाकटी आली तेव्हा ती जुनी डिस्क जमिनीवर जाड फडक्यावर ठेवलेली होती आणि शेजारी हातोडी.

"ही फोडायची आहे. तू फडकं धर."

धाकटीला हसू आवरेना. ताईचं हे असंच! कपड्यांचे साचे कॉम्प्युटरवर काढून ती शिलाईच्या कारखान्यांना विकायची, आणि सगळं जग आपल्या बाह्या नि कॉलर चोरायला टपलंय अशा थाटात वागायची. एकदा एकाने साचे चोरले होते, कबूल. भंगारात दिलेल्या कॉम्प्युटरमधून उचलले आणि वर तिलाच विकायला आला. तेव्हापासून ताईच्या घरातून जुना कॉम्प्युटर काय, त्याचा स्क्रूसुद्धा बाहेर जात नव्हता.

"नवी कुठली घेतलीस शेवटी? मला विचारायचंस तरी."

"तुला? तुला काय डोंबल कळतंय त्यातलं?" ताईने टेबलावरचं रिकामं खोकं उचलून दाखवलं.

खोक्यावरचं नाव वाचलं आणि धाकटीचं हसू जागच्या जागी विरलं.

धाकटी पैसे घेऊन अभिप्राय लिहायची. मिक्सर, गाद्या, केसांचं तेल, सांगाल ते. त्यातली एकही वस्तू तिने कधी हातात धरलेली नसायची. ताईला तिने 'लिखाणाचं काम मिळालंय' एवढंच सांगितलं होतं. वाचणाऱ्यांबद्दल तिचं मत ठाम होतं: मेंढरं आहेत सगळी, चार गोड वाक्यं टाकली की माना खाली घालून येतात. या कंपनीचं काम तर तिने हसत हसत उरकलं होतं. यांच्या एसएसडी काही महिन्यांतच डोळे मिटत होत्या, तक्रारींचा खच पडला होता आणि तो झाकायला कंपनीला स्तुती हवी होती, ढिगाने.

"हीच का गं घेतलीस?"

"सगळ्या बघितल्या. महागातली मला झेपत नाही, आणि स्वस्तातल्या सगळ्या सारख्याच. वेग अमुक, हमी तमुक. स्वतःच्या मालाला कोण वाईट म्हणणार? म्हणून म्हटलं, वापरणारी माणसं काय म्हणतात ते बघू." ताईने चष्मा लावून मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "ऐक. 'माझी थोरली बहीण घरूनच काम करते. तिची आयुष्यभराची मेहनत त्या कॉम्प्युटरमध्ये आहे. काहीतरी स्वस्तातलं घेऊन तिचं नुकसान झालं असतं, तर मी तिला तोंड दाखवू शकले नसते. खूप शोधलं आणि हीच बसवून दिली. तेव्हापासून माझी बहीण निर्धास्त आहे.'"

ताईने चष्मा काढून पदराने पुसला. "बहिणीला कोणी वाईट वस्तू देईल का? बस्स, तिथेच मी ठरवलं."

हे धाकटीने नखं रंगवता रंगवता लिहिलं होतं, एका गादीनंतर आणि एका तेलाआधी. इतकं छान उतरलं होतं हे तिला ताईच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदाच कळलं. क्षणभर बरंसुद्धा वाटलं, आणि लगेच स्वतःचीच किळस आली.

"ताई, जुनी राहू दे की थोडे दिवस. पडून राहील कपाटात."

"ठेवून काय तिचं लोणचं घालू? घरघर करतेय नुसती. साचे कसेबसे बाहेर काढलेत मी तिच्यातून."

"मग निदान आणखी एक प्रत काढून ठेव कुठेतरी."

"म्हणजे चोराला दोन दारं! काहीतरीच तुझं." ताई जमिनीवर बसली आणि तिने हातोडी हातात घेतली.

"अगं, हल्ली लोक पैसे घेऊन असलं काहीबाही लिहितात."

"लिहीत असतील मेले. लाज सोडलेल्यांचं काय!" ताईने असं तोंड केलं, जणू जिभेवर काहीतरी कडू आलं. "पण ते ओळखू येतात. मी काय दूधखुळी आहे?"

 गप्प बसलं तरी चाललं असतं. एखादी एसएसडी टिकतेसुद्धा, आणि नाही टिकली तर कंपनीला शिव्या बसतील, आपल्याला कोण विचारतंय? पण साचे गेले की ताईचं काय उरणार होतं? कारखान्यांना काय दाखवणार होती ती, रिकामे हात?

ताईने हातोडी वर उचलली.

"थांब ताई! ते मी लिहिलंय."

"काय?"

"ते बहिणीचं. मी लिहिलंय ते. पैसे घेतलेत त्याचे. सगळं खोटं आहे. मी ती वस्तू डोळ्यांनी बघितलेलीसुद्धा नाही. तुझे सगळे साचे जातील गं, नको फोडूस."

ताईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. शिवण चुकलेलं कापड ती असंच बघायची. मग ती हसायला लागली, अगदी पोट धरून.

"तू? मागच्या महिन्यात मी तापाने फणफणले होते, तेव्हा 'बरी आहेस का' एवढं विचारायला तुला वेळ मिळाला नाही. आणि तू हे लिहिलंस?"

"ताई, खरंच..."

"गप बस. हे असलं सुचायला आधी बहिणीची माया असावी लागते," ताई म्हणाली आणि तिने हातोडी हाणली.