वीस सेकंद

सलग तीन वर्षांच्या चाचण्यांत एकच आकडा होता: वीस सेकंद. डॉक्टरांना खटकत होते ते हेच. आणि तिन्ही आकड्यांखाली सही त्यांचीच होती.

डोळे बांधून फिरत्या खुर्चीत बसवलेल्या माणसाला, खुर्ची एकाएकी थांबली की, ती काही काळ उलट दिशेने फिरत असल्याचा भास होतो. कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय शाबूत असल्याची ती खूण. ज्याला हा भास होत नाही, त्याला उड्डाण नाही. पण भास कधी चौदा सेकंद टिकतो, कधी एकतीस. झोप, थकवा, वय, सगळ्यांचा त्यात हात असतो. आज तपासणीला आलेल्या अंतराळवीर बाईंच्या फायलीत पहिली एकोणीस वर्षे असेच वेडेवाकडे आकडे होते. दुसऱ्या उड्डाणाहून परतल्यानंतर ते एकदम शिस्तीला लागले होते.

"खिडकी का लावलीत?" खुर्चीत बसता बसता बाईंनी विचारले. देशातून अंतराळात गेलेली पहिली व्यक्ती त्याच. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा होता. तिसऱ्या उड्डाणाची यादी आज संध्याकाळी निघायची होती.

"धूळ येते."

"बावीस वर्षांत आजच आली?"

डॉक्टरांनी डोळ्यांवर पट्टी बांधायला घेतली.

"मला गरगर फिरवण्यात तुमची हयात गेली, डॉक्टर. माझ्या नवऱ्यालाही एवढं जमलं नाही."

डॉक्टर हसले, पण ते हसणे जेमतेम ओठांपर्यंत पोचले. मग वाकून त्यांनी मोटर आणि खुर्ची यांना जोडणारा पट्टा चाकावरून अलगद उतरवला आणि बटण दाबले.

मोटर गुरगुरली. खुर्चीचे पाय थरथरले. खुर्ची मात्र तसूभरही हलली नाही.

"उजवीकडे," बाई म्हणाल्या. "वेग वाढतोय... आता एकसारखी."

मिनिटभराने डॉक्टरांनी मोटर बंद केली.

"थांबली. नाही, उलटी फिरतेय. डावीकडे." बाईंचे ओठ किंचित हलत होते. "अजून फिरतेय... अजून... हं, संपलं."

घड्याळात वीस सेकंद झाले होते.

"लिहिलंत?"

बाईंनी स्वतःच पट्टी सोडली. डॉक्टर समोर उभे होते. पट्टा त्यांच्या हातात लोंबत होता.



"आवाजावरून ओळखत होतात," डॉक्टर म्हणाले.

"आणि वाऱ्यावरून. खिडकीचा वारा एकदा गालाला लागायचा, एकदा मानेला." कारागिराने आपले काम समजावून सांगावे तसे त्या सांगत होत्या. "आज वारा नव्हता, तेव्हा शंका आली होती. पण तुमच्यावर संशय घ्यायची सवय नव्हती मला."

डॉक्टरांनी पट्टा मेजावर ठेवला. "तोल गेलेला माणूस नुसत्या डोळ्यांच्या जिवावर उभा असतो, बाई. हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

"वर पडायचं कुठे असतं, डॉक्टर? तिथे सगळेच माझ्यासारखे."

"परत यावं लागतं."

"त्याचं मी बघून घेतलं असतं."

"आणि तुमच्याबरोबरच्या दोघांचं?"

बाईंनी पट्टीची घडी घातली. डॉक्टरांनी फाईल उघडली, रकान्यात शून्य लिहिले, खाली सही केली. फाईल काखेत धरून ते दाराशी गेले आणि चाचणी आटोपल्यावरच्या सवयीने त्यांचा हात दिव्याच्या बटणावर पडला.

"दिवा राहू द्या, डॉक्टर," खुर्चीचा हात घट्ट धरून उठत बाई म्हणाल्या. "मी दारापर्यंत पोचेपर्यंत."