वर्तणुकीचा दाखला

"दार उघडे असताना पत्रा कापणारी प्रेस खाली येऊच शकत नाही, कारण तिचा प्रोग्राम वर्तन-आराखड्यावरूनच तयार झाला आहे, सबब नागेशची बोटे तुटली ती त्याच्याच बेशिस्तीने." कोळारच्या कारखान्याच्या या अहवालावरून प्रेसवर काम करणाऱ्या नागेशची नोकरी जाणार होती.

त्याची बहीण प्रेरणा सॉफ्टवेअरमधलीच. यंत्राने कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जायचे हे चौकटी-बाणांनी दाखवणारा तो आराखडा तिने बारकाईने वाचला. 'दार उघडे' या चौकटीतून 'प्रेस चालू'कडे खरोखरच एकही बाण जात नव्हता. शास्त्र निर्दोष होते. कारखान्यात जाऊन तिने प्रेसचे दार उघडले, चालू करायच्या बटणावर बोट ठेवले आणि प्रोग्राम बसवणाऱ्या शिवप्रसादांना म्हणाली, "घाला हात आत, अण्णा. मागं कामून सरकायलाव?"



"बोट काढ, अक्का! ते चित्र तपासणीवाल्यांना दाखवायला हाय. मशीनमधी आम्ही ते घातलंच न्हाई!"