घराबाहेर राहण्याचा भत्ता

“पैशासाठी घर सोडून जायचं, हे आपल्यात बसत नाही,” त्र्यंबकराव कोट काढता काढताच म्हणाले.

कोलंबसजवळच्या डब्लिनमधल्या त्या घरात शिरताना दाराशी, चपलांच्या रांगेत, त्यांना वाळूच्या रंगाचे लष्करी बूट दिसले होते. शेजारी टम्म फुगलेली कापडी बॅग. आणि पलीकडे त्यांच्या जुन्या मित्राची, राजीवची मुलगी अनया, केस मुलासारखे बारीक कापलेले. आणखी विचारायचं काही उरलंच नव्हतं.

राजीवने काल फोनवर मोजकंच सांगितलं होतं. घरात पुन्हा आर्मीच्या तैनातीची तयारी चालू आहे, या वेळची मुदत लांब आहे, वारंवार जाणाऱ्यांना वरचा भत्ता मिळतो म्हणे, आणि माझं कोणी ऐकत नाही. सकाळी न्यायला गाडी येईल, त्याआधी तू येऊन हे जाणं थांबव. एवढं बोलून राजीव स्वतः आज फिरायला निघून गेला होता. अवघड काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायची त्याची खोड जुनीच. त्र्यंबकरावांची तक्रार नव्हती. लोकांना समजावणं त्यांना मनापासून आवडायचं, मग लोकांना आवडो न आवडो. ते एडिसनहून कोलंबसला मुलाकडे आलेच होते, तिथून हे घर काही लांब नव्हतं.

“बसा भावजी, चहा टाकते,” नीला ओट्यापाशी होती. अंगात घरातला लांब गाउन, कढईत पोह्यांची फोडणी.

“चहा नंतर, वहिनी. आधी हिच्याशी बोलू दे.”

“माझ्याशी?” अनयाने आईकडे पाहिलं.

“काका एवढे आलेत, ऐकून घे,” नीला म्हणाली आणि पुन्हा कढईकडे वळली.

त्र्यंबकराव खुर्ची ओढून अनयासमोर बसले. “हे बघ बेटा, एकदा गेलं, ठीक आहे. हौस म्हणू. पण परत परत? बाईमाणूस सतत बाहेर असेल तर घराचं काय होतं, याचा विचार केलास?”

“घर ठीक असतं, काका. बाबा थोडे मूडी होतात. कुकिंग शिकलेत पण.”

“चेष्टा नको. तो झोपत नाही रात्रभर. आईचा तरी विचार कर.”

“आईचाच विचार करतेय,” अनया म्हणाली. “ऑल द टाइम.”

“मग?”

“मग काही नाही. शी इज प्रिटी क्लिअर अबाउट इट.”

त्र्यंबकरावांनी मान हलवली. या मुलांशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. त्यांनी मोर्चा नीलाकडे वळवला. “वहिनी, तुम्ही इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल देताय. मागच्या दिवाळीला मंडळातसुद्धा दिसला नाहीत, इतक्या बिझी. आता घरात चार माणसं एकत्र असावीत, असं वाटत नाही तुम्हाला?”

“वाटतं ना.”

“मग अडवा की. तुम्ही शब्द टाकलात तर हे जाणं आत्ता थांबेल.”

“थांबेल, खरंय,” नीला म्हणाली. “पण मी तो शब्द टाकणार नाही.”

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. त्र्यंबकरावांना त्याचाच जास्त राग आला.

“त्या भत्त्यासाठी? किती देतात असे? मी देतो तेवढे. घरी राहण्याचे देतो, चालेल?”

नीलाने कालथा खाली ठेवला. “भावजी, तुम्ही सौदीत साइटवर होतात. तुमची राधिका दोन मुलांना घेऊन एकटी राहिली. तुम्हालाही घराबाहेर राहण्याचा वेगळा भत्ता होता. तेव्हा पैशासाठी घर सोडलं असं कोणी म्हणालं?”

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं?”

त्र्यंबकरावांनी काढून ठेवलेला कोट उगाच झटकला.

“तुमचा सगळ्यांनी सत्कार केला,” नीला पुढे म्हणाली. “मी स्वतः हार आणला होता. हा भत्ता काही लाच नाही. माणसाला पुन्हा पुन्हा घरापासून तोडलं तर त्याची किंमत मोजावी लागते, एवढं सरकारला कळतं. नसता मिळाला तरी जाणं झालंच असतं. मिळतोय, तर ताठ मानेने घ्यायचा. लाजायचं कशाला?”

“भाषण चांगलं आहे,” त्र्यंबकराव तुटकपणे म्हणाले. “पण तिकडे काही झालं तर राजीवला कोण सावरणार?”

 यावर मात्र नीलाचे डोळे भरून आले. पाठ फिरवून ती पोहे परतत राहिली. त्र्यंबकरावांनी ते पाहिलं आणि लोखंड तापलंय हे ओळखलं. ते अनयाकडे वळले.

“बघितलंस आईकडे? आता माझ्याकडे बघून सांग. मी जाणार नाही, म्हण.”

अनयाने क्षणभर विचार केला. “ओके, काका. मी जाणार नाही.”

“कुठेही?”

“कुठेही. बाबांबरोबर इथेच राहणार आहे. प्रॉमिस.”

त्र्यंबकरावांचा चेहरा उजळला. आपल्या वाणीवरचा त्यांचा विश्वास पुन्हा एकदा सार्थ ठरला होता. राजीवला कळवायला त्यांनी खिशातून फोन काढला, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

“तुम्ही थांबा, मी बघतो,” म्हणत ते उठलेच. दारात गणवेशातला एक तरुण सैनिक उभा होता. मागे रस्त्याच्या कडेला व्हॅन.

“सॉरी, यंग मॅन,” त्र्यंबकराव छाती काढून म्हणाले. “शी इज नॉट कमिंग. फॅमिलीने डिसाइड केलंय.”

त्यांचं अर्धं बोलणं त्याला समजलं नाही, आणि समजून घ्यायची गरजही वाटली नसावी. त्यांच्या खांद्यावरून आत पाहत तो ताठ झाला आणि त्याने कडक सॅल्यूट ठोकला.

“गुड मॉर्निंग, कर्नल.”

त्र्यंबकराव वळले. गॅस बंद झाला होता, हळदीचे डाग पडू नयेत म्हणून वरून चढवलेला गाउन खुर्चीवर पडला होता, आणि युनिफॉर्ममधली नीला उजवा हात कपाळाशी नेऊन उभी होती.