समोरचा स्टँड

फुटबॉलचा सामना सुरू होताना तात्या पहिल्यांदाच विरोधी पेठेच्या समर्थकांत जाऊन बसले. हातातला टाळ मुका होता.

"काय ओ तात्या, वाट चुकलासा?" तिथला एकजण हसला.

"चुकलो न्हाई. तीस वर्षं आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी टाळ वाजवला. आज सगळ्यांना जर्सी वाटली, मलाच विसरले."

"मग आमच्यासमोर वाजवणार कोण? तुमचा टाळ ऐकल्याबिगर आमच्या पोरांना चेव येत न्हाई. उठा!"

त्यानं तात्यांना हाताला धरून मैदानाला वळसा घातला. "हे घ्या तुमचं माणूस. पुन्हा विसरलासा तर आम्ही ठेवून घेऊ!"

तालमीच्या माणसांनी ओशाळून जागा केली. कीर्तनात बुवांच्या मागं उभं राहावं, तसे तात्या उभे राहिले. आधी समोरच्या स्टँडला वाकून नमस्कार केला, मग टाळ धरला.